वेदनेचा रकाना

रविवारी कारखाना बंद असायचा, म्हणून या घरातली भांडणं रविवारी व्हायची. ही सोय अप्पांनी लावून दिलेली. दुरुस्तीला आलेले वजनाचे काटे चालू असताना आवाज चढवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. मोठ्यानं बोललं तरी हवा हलते आणि बारीक काटा लगेच चुगली करतो. अप्पांना जाऊन चौदा महिने झाले होते, पण नियम अजून जागच्या जागी होते.

थोरली लेक आली तेव्हा पुढच्या खोलीत सगळे काटे कापडाखाली झाकलेले होते. औषधवाल्यांचे, सोनारांचे, प्रयोगशाळांचे. प्रत्येकाच्या गळ्यात दुरुस्तीचं कार्ड. धाकटा भाऊ आपल्या बाकावर पाय हलवत बसला होता. वहिनी खिडकीशी बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होती. अप्पांचं स्टूल रिकामं होतं. त्यावर कुणी बसत नसे, आणि बसत नाही हे कुणी बोलतही नसे.

"आई?" थोरलीनं विचारलं.

"पडलीय. ताप नाही," धाकटा म्हणाला. "दूध घेतलं. अर्धा कप."

"अर्धा म्हणजे किती?"

"ताई, अर्धा म्हणजे अर्धा. मापपात्र नव्हतं हाताशी."

एरवी यावर वहिनी हसली असती. आज हसली नाही.

आईला शुक्रवारी इस्पितळातून घरी आणलं होतं. सोमवारी तिला एकशे तीन ताप भरला आणि उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत लालभडक झाला. अप्पांच्या काट्याची काचपेटी पुसताना कडेची काच बोटाला लागली होती, एवढंच निमित्त. दुसऱ्या कुणाचं असतं तर ते चार दिवसांत भरून आलं असतं. पण तीन महिन्यांपूर्वी आईचा उजवा स्तन काढला होता आणि त्याबरोबर काखेतल्या गाठीही. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या हातातलं पाणी आता आपोआप उतरणार नाही, हाताची राखण जन्मभर करावी लागेल. रोजचा व्यायाम, सूज दाबून धरणारी घट्ट बाही, एकही ओरखडा नको. आणि दर गुरुवारी इस्पितळात अशाच बायकांचा गट जमतो, तिथं यायचं. तिथं हातही हलतो आणि तोंडही, असं त्या म्हणाल्या होत्या.

थोरलीनं त्याच संध्याकाळी आईचं कार्ड बनवलं होतं. कारखान्याचंच कार्ड, फक्त रकाने बदललेले. तारीख. दंडाचा घेर, कोपराच्या दहा सेंटीमीटर वर. व्यायाम. बाही. गुरुवार. वेदना, शून्य ते दहा. शेवटी 'मोजणारा' आणि 'तपासणारा'. घेर आठवड्यातून एकदा धाकट्यानं किंवा वहिनीनं मोजायचा आणि रविवारी थोरलीनं येऊन तपासायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला कार्ड अडकवलं, दोरीला पेन्सिल बांधली. त्या दिवशी ती किती हलकी होऊन घरी गेली होती, ते तिला आता आठवलं आणि आठवायला नको होतं.

"मी आईला माझ्याकडे नेते," थोरली म्हणाली. "दोन दिवसांत. खोली रिकामी केलीय."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? तुमच्याकडून होत नाही हे आता दिसलंच."

"दिसलं ना?" धाकट्याचे पाय हलायचे थांबले. "आम्हाला उशिरा दिसलं, मान्य. तुला तर दर रविवारी दिसायला हवं होतं. खाली सही तुझी आहे."

"मी कार्डावर सही केली."

"तेच म्हणतोय मी. कार्डावर."

थोरली उठली, आत जाऊन खिळ्यावरचं कार्ड घेऊन आली. पुरावा म्हणून ते भावाच्या नाकासमोर धरायचं होतं. धरण्याआधी सवयीनं तिनं स्वतः एकदा वरून खाली वाचलं, आणि वाचता वाचता तिचं बोट एका रकान्यात थबकलं.

पहिला आठवडा, सत्तावीस पूर्णांक आठ. दुसरा, सत्तावीस पूर्णांक दोन. तिसऱ्यापासून सत्तावीस पूर्णांक पाच. चौथा तेच. पाचवा तेच. अकरा आठवडे, सत्तावीस पूर्णांक पाच. व्यायामाला बरोबरची खूण, गुरुवारला बरोबरची खूण, वेदना शून्य, शून्य, शून्य. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिची सही, तिरकी, घाईची, काम आटोपल्याच्या समाधानाची.

सोमवारी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी टेप लावली तेव्हा तेहेतीस भरले होते. एवढी सूज काही एका तापानं येत नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या.

खरा काटा दोनदा तेच बोलत नाही, असं अप्पा सांगायचे. एकच वजन तू दहा वेळा ठेव. दहाही वेळा शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे होणार. हात, हवा, ऊब, सगळं त्यात उतरतं. ज्याचे आकडे अगदी सारखे येतात, त्यानं वजन ठेवलेलंच नसतं, तो चहा पिता पिता लिहितो. हे थोरली वयाच्या अकराव्या वर्षी शिकली होती. दुसऱ्याच्या वहीत असला रकाना तिला दारातून दिसला असता.

"हे कुणी लिहिलं?"

"पहिले दोन मी मोजले," धाकटा म्हणाला. "मग आईच म्हणाली, तू कामाला लाग, सूनबाई मोजते."

"मला म्हणाल्या, तो मोजतो," वहिनी पट्टीवरून नजर न काढता म्हणाली.

"आणि तुम्ही नवराबायको एकमेकांना एका शब्दानं विचारत नाही?"

"काय विचारायचं? कार्ड भरलेलं होतं की." धाकट्याचा आवाज खाली आला. "घरातलं कार्ड, ताई. भरलेलं असलं की झालं. आपण सगळे असेच वाढलोय ना?"

या कारखान्याचा पहिला नियम आजोबांच्या वेळेपासून एकच होता: जो जुळवतो तो तपासत नाही. स्वतः दुरुस्त केलेल्या काट्यावर स्वतःच 'बरोबर' म्हणून सही करायची नाही, दुसऱ्या हातानं करायची. या नियमापायी नऊ वर्षांपूर्वी अप्पांनी सख्ख्या धाकट्या भावाला, काकाला, कारखान्यातून काढलं होतं. दोन सह्या एकाच हाताच्या असलेलं ते कार्ड अप्पांच्या समोर ठेवलं होतं थोरलीनं. काका निमूटपणे ॲप्रन काढून खुंटीला लावून गेला. दोन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा अप्पा घरात बसून राहिले. कुणालाच जाता आलं नाही.

आणि त्याच घरात आईला स्वतःच काटा, स्वतःच कारागीर आणि स्वतःच तपासनीस करून सगळे मोकळे झाले होते.

"गुरुवारीही त्या इस्पितळात जात नव्हत्या," वहिनी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी कामाला जाते त्या औषधाच्या दुकानात त्या गटातली एक बाई येते. तिनं विचारलं, तुमच्या सासूबाई एकदा नाव घालून गेल्या त्या पुन्हा दिसल्याच नाहीत. म्हणून पुढच्या गुरुवारी मी त्यांच्या मागं मागं गेले."

"आणि हे तू आज सांगतेस?" धाकटा म्हणाला.

"त्या जिथं गेल्या ते पाहिलं आणि बोलावंसं वाटलं नाही. पुलापलीकडच्या कपड्यांच्या दुकानावर एक जिना आहे. दोन तासांनी खाली आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते, आणि चाल मात्र हलकी. घरात वर्षभरात मी ती चाल पाहिली नव्हती."

"कुणाचं घर?"

वहिनीनं पट्टीची गुंडाळी पूर्ण केली. "काकूंचं."

धाकट्यानं कपाळाला हात लावला. थोरलीला वाटलं की आपण काहीतरी बोलावं, पण जे सुचलं ते सगळं अप्पांच्या आवाजात सुचलं.

"एवढ्या हळू भांडताय, मला आतून नीट ऐकूही येत नाहीये," दारातून आई म्हणाली.

उजवा हात छातीशी उशीवर धरून ती उभी होती. धाकटा धावला, तिनं मानेनंच त्याला थांबवलं आणि सरळ जाऊन अप्पांच्या स्टुलावर बसली. स्टूल करकरलं.

"खोली रिकामी केलीस म्हणे," ती थोरलीला म्हणाली.

"हो. उजेडाची आहे. माझं लक्ष राहील."

"मी काय काटा आहे का, इथून उचलून तिथं ठेवायला? आणि काटासुद्धा नव्या जागी नेला की दिवसभर त्याला हात लावत नाही आपण. बसू देतो. तू मला पहिल्याच दिवशी कार्ड लावशील."

"आई, तू खोटं लिहिलंस." थोरलीला हे इतकं सरळ म्हणायचं नव्हतं. "अकरा आठवडे. का?"

आईनं झाकलेल्या काट्यांकडे पाहिलं. "अप्पा गेले तेव्हा तुम्ही तिघं काय विचारत होतात मला, आठवतं? बरी आहेस ना. मग माझं ऑपरेशन झालं. बरी आहेस ना. सकाळी हा, दुपारी ही, रात्री तुझा फोन. या घरात प्रश्नातच उत्तर घालून देतात. मला फक्त 'हो'च शिल्लक राहायचं. मग म्हटलं, निदान लिहून टाकावं, बोलायचा त्रास वाचेल. आणि शून्य लिहिलं की तुझं तोंड कसं उजळायचं दर रविवारी."

थोरलीनं कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलं.

"गटात का नाही गेलीस? तिथं तर अशाच बायका होत्या," धाकटा म्हणाला.

"गेले एकदा. चांगल्या होत्या बिचाऱ्या. गोल बसून प्रत्येकीनं आपापलं सांगायचं. माझी पाळी आली आणि मला अप्पांशिवाय काही आठवेना. छाती कापून नेली त्याचं काही नाही, आणि हा माणूस आठवतोय. लाज वाटली. उठले आणि चालत सुटले, ती तिच्या जिन्याशीच थांबले. नवरा गेल्यावर माणूस काय करतं, हे तिला माहीत असणार, एवढंच डोक्यात होतं. तिचा गेला तेव्हा मी गेले नव्हते ना. तरी तिनं दार उघडलं."

"काय म्हणाल्या?" धाकट्यानं विचारलं.

"म्हणाली, चप्पल आत काढा, बाहेर कुत्रं पळवतं."

वहिनीला हसू आलं, ते तिनं पट्टीत लपवलं.

"तिथं मी काही करत नाही," आई म्हणाली. "ती मशीन चालवते, मी रडते. रडून झालं की ती समोर खायला ठेवते आणि संपेपर्यंत उठत नाही. पहिल्यांदा पोटभर जेवले ते तिथं. व्यायाम, बाही, ते सगळं व्हायचं राहिलं. चूक माझी आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्याकडे येणार नाही. इथंच राहीन. हाताचं काय ते तीच बघेल. सूनबाईकरवी निरोप पाठवलाय, येईल आत्ता."

थोरलीचा चेहरा गरम झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पुढचे सहा आठवडे रोज दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं मालीश, रोज पट्ट्या, रोज मोजमाप. आता हयगय झाली तर हात असाच राहील, पुन्हा उतरणार नाही. दुसरा हात म्हणजे आपलाच, हे तिनं धरून चाललं होतं. आई तो मागत नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली.

काकू दारातच थांबली. नऊ वर्षांत केस सगळे पांढरे झाले होते. काखेत शिवणकामाची पिशवी होती. तिची नजर खिडकीजवळच्या बाकाकडे गेली. काका तिथं बसायचा; आता तिथं रिकामी खोकी होती.

"या ना, काकू," वहिनी म्हणाली आणि खोकी उचलायला लागली.

"राहू दे गं. बाक आहे अजून, तेच खूप." काकू आत आली. "जाऊबाई, हात दाखवा."

"हळू."

"हळूच. तीस वर्षं बाह्या शिवतेय मी." तिनं उशीवरचं फडकं बाजूला केलं आणि सुजेवर हलकेच बोटं टेकवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दर गुरुवारी शाल पांघरून बसायच्या. थंडी वाजते म्हणायच्या. मी बाह्या शिवणारी बाई, समोर बसलेला हात मला दिसला नाही. मी नुसती डोळ्यांकडे बघत राहिले."

तिनं पिशवीतून कापडी टेप काढली. ती पाहताच थोरलीचा हात आपोआप टेबलावरच्या पोलादी पट्टीकडे गेला. कापडी टेप ओढून ओढून लांबते, तिला तपासल्याशिवाय वापरायचं नसतं. हात अर्ध्यावर असताना काय करतोय ते तिला कळलं आणि तिनं तो मागं घेतला. काकूनं पाहिलं होतं.

"घे, तपास," काकू म्हणाली. "लाजतेस काय? तुझे काका सांगायचे, शिंप्याची टेप वर्षाला दोन केस लांबते. म्हणून मी दर वर्षी नवीन घेते. ही चार महिन्यांची आहे."

थोरलीनं टेप हातात घेतली, पण पट्टीला लावली नाही. "काकू," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य इतकी वर्षं आत राहून कडक झालं होतं. "तो काटा बरोबर होता. काकांनी सही केलेला. आठवड्यानं तो परत मागवून मी एकटीनं तपासला. दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत बरोबर होता. मी अप्पांना सांगितलं नाही."

धाकटा उभा राहिला. "तू मला कधी..."

"नियम तर मोडलाच होता त्यांनी, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरंच होतं. म्हणून गप्प बसले."

काकूनं पिशवी खाली ठेवली. आईनं डोळे मिटून घेतले होते.

"बरोबर होता हे त्यांना ठाऊकच होतं गं," काकू म्हणाली. "रस्त्यापलीकडचा औषधवाला खोळंबला होता, अप्पा तापानं पडलेले, तू परीक्षेला गेलेली. दुसरा हात होता कुठं? काटा चुकला असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. ते एवढीच वाट बघत होते की कुणीतरी तपासेल आणि येऊन सांगेल. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचे. सात वर्षं."

थोरलीला माफी मागायची होती; पण ज्याच्याकडे मागायची तो दोन वर्षांपूर्वी वाट बघून थकला होता.

"मी तुझ्यासाठी आलेली नाही," काकू म्हणाली. तिचा आवाज कडू नव्हता, पण गोडही नव्हता. "जाऊबाईंसाठी आलेय. रोज येईन. पण मला त्या पट्ट्या बांधता येत नाहीत आणि कागदावरचं कळत नाही. तू शिकून घे आणि मला शिकव. रोज सकाळी. जमेल?"

"जमेल."

"मग टेप दे. आणि ते कार्ड आण."

वहिनीनं कोपरापासून दहा सेंटीमीटर मोजून पेनानं खूण केली. धाकट्यानं हात खालून तोलून धरला. काकूनं टेप फिरवली; ना ओढून, ना सैल.

"एकतीस पूर्णांक चार," ती म्हणाली.

"पुन्हा," थोरली म्हणाली.

"एकतीस पूर्णांक एक."

"पुन्हा एकदा."

"एकतीस आणि सहा. काय गं, माझा हात चुकतोय का?"

"नाही, काकू. असंच असतं."

थोरलीनं कार्ड मांडीवर सरळ केलं. अकरा आठवड्यांच्या शहाण्या आकड्यांखाली तिनं तिन्ही आकडे लिहिले, सरासरी न काढता. 'मोजणारा' या रकान्यात काकूनं सही केली. तिचं आडनाव तेच होतं जे बाहेरच्या पाटीवर होतं, फक्त काकाच्या घरच्या हातानं ते या घरातल्या कागदावर नऊ वर्षांनी उमटत होतं. 'तपासणारा' हा रकाना पुढं आला, आणि थोरलीनं पेन्सिल भावाच्या हातात दिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. टेप घेऊन स्वतः चौथ्यांदा मोजलं आणि मगच सही केली.

राहिला वेदनेचा रकाना. वरून खाली अकरा शून्यं. या घरात शून्यासारखी सुंदर गोष्ट नव्हती; काटा शून्यावर आला की अप्पा मान डोलवायचे.

थोरलीच्या तोंडाशी नेहमीचाच प्रश्न आला होता. तो तिनं गिळला आणि दुसरा शोधला.

"आई, कुठं दुखतंय?"

आईनं डोळे उघडले. स्टुलावर ती थोडी पुढं झुकली, डावा हात स्टुलाच्या झिजलेल्या कडेवरून फिरवला, आणि नुसती बघत राहिली. कुणी घाई केली नाही. काटा बसायला वेळ लागतो, तेवढा त्यांनी दिला.

"सगळीकडे," आई म्हणाली.

रकाना एका आकड्यापुरताच आखलेला होता. थोरलीनं अक्षर बारीक केलं, तरी शब्द शेजारच्या रेघेवर चढला.